मधल्या खोलीत जपांडी बसवायची तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडचं गाव, जुनं कवेलूचं घर, घरात सात माणसं: आजेसासूबाई, सासू-सासरे, तुम्ही दोघं आणि दोन लेकरं. ओसरी आणि स्वयंपाकघराच्या मधली 12 बाय 16 फुटांची खोली, जिथे आजवर पाट टाकून जेवणं झाली, तिथे आता ‘जपांडी’ पद्धतीची जेवणाची खोली करायची आहे. दीड लाखाची तयारी आहे. सासऱ्यांना अमरावतीच्या एका दुकानातला आठ खुर्च्यांचा, वर ग्रॅनाइट असलेला सेट आवडलाय. सासूबाई म्हणतात, खाली बसूनच जेवायचं. गोठा मोडला त्याची सागवानी लाकडं पडून आहेत. आणि तुम्ही विचारलंय की भिंतीला रंग कोणता द्यावा आणि टेबल कोणतं घ्यावं.

रंगाकडे येतेच, पण जरा उशिरा. मी गेली 21 वर्षं हेच काम करते आणि त्यातली निम्मी घरं तालुक्याच्या गावांतली आहेत. तिथे जी कामं फसली, ती रंगामुळे फसली नाहीत. ती मधल्या खोलीला ‘डायनिंग रूम’ म्हटल्यामुळे फसली.

शहरातल्या फ्लॅटात डायनिंगची जागा जेवणापुरती असते. तुमच्या मधल्या खोलीत वर्षभरात काय काय होतं ते आठवा. महालक्ष्म्या कुठे बसतात? तीन दिवस खोली त्यांचीच असते आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाच्या पंगती त्यांच्यासमोरच उठतात. लग्नाघरी पाहुणे झोपतात कुठे? उन्हाळ्यात कूलर लावून सगळं घर दुपारी आडवं होतं ते कुठे? आणि भाव वाढेल म्हणून घरात थांबवलेला कापूस? तुमच्याकडे कापूस वेगळ्या कोठीत भरत असाल तर उत्तम. पण मधल्या खोलीत छताला टेकेल इतका कापूस भरलेली घरं मी पाहिली आहेत, आणि त्या कापसाखाली गेलेलं माझं स्वतःचं डिझाइनसुद्धा.

म्हणजे खरा प्रश्न असा आहे: रोज सात माणसांचं जेवण नीट होईल, पण घराला हवी तेव्हा अर्ध्या तासात रिकामी होईल, अशी खोली कशी करायची? याचं उत्तर सापडलं की जपांडी आपोआप जवळ येते. कारण तिच्यातला अर्धा भाग तोच आहे.

हे जरा उलगडून सांगते. जपांडी म्हणजे जपानी आणि स्कँडिनेव्हियन सजावटीची सांगड. दोन्हीकडे सामान कमी, लाकूड उघडं, रंग शांत. म्हणून त्यांची जोडी जमली. पण दोघांच्या अडचणी वेगळ्या होत्या. स्वीडन-डेन्मार्ककडे हिवाळ्यात दुपारी तीन-चारलाच अंधार पडतो. म्हणून तिकडे भिंती पांढऱ्या, लाकूड फिकट, खिडक्या बिनपडद्याच्या. मिळेल तेवढा उजेड खोलीत फिरवत ठेवायचा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि आपण दारं लोटून, पडदे ओढून बसतो. आपल्याला उजेड आणायचा नाही, अडवायचा आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोतली पांढरीशुभ्र भिंत आपल्या दुपारी डोळ्यांत खुपते.

जपानी जुनं घर मात्र आपल्याला ओळखीचं वाटेल. खोल वळचण, आत सावली, जमिनीलगत बसणं, रात्री अंथरूण टाकायचं आणि सकाळी गुंडाळून कपाटात ठेवायचं. एकच खोली दिवसभरात तीन कामं करते. तेव्हा माझा पहिला सल्ला: या जोडीतला जपानी वाटा मोठा घ्या, दुसरा छोटा. वर्ध्याला जाणं झालं तर सेवाग्रामची बापूकुटी याच नजरेनं एकदा बघून या. 1936 मध्ये गांधीजी तिथे राहायला आले त्यानंतरची ती वास्तू. मातीच्या भिंती, बसायला चटई, हाताशी लागेल एवढंच सामान, आणि भिंतीवर मीराबेननी मातीतच उठवलेली ताडाची झाडं. मी नव्या गिऱ्हाइकांना मोबाईलवरचे फोटो दाखवण्याआधी तिथे पाठवते. कोपरा रिकामा ठेवला तर तो गरीब दिसत नाही, हे माझ्या बोलण्यानं पटत नाही. तिथे दहा मिनिटं बसल्यावर पटतं.

आता टेबल. आधी मापं, कारण सासऱ्यांशी बोलताना तुम्हाला मापांचाच आधार लागेल.

माणसाला टेबलापाशी 2 फूट रुंदी लागते. ताट, वाटी, पाण्याचा पेला आणि कोपर एवढ्यात बसतं. टेबलाची उंची 30 इंच, बैठकीची 17 ते 18. खुर्ची मागे सरकवून उठायला टेबलाच्या कडेपासून 3 फूट मोकळे हवेत. खोली 12 फूट रुंद आहे. दुकानातलं टेबल साडेतीन फूट रुंद धरलं आणि दोन्हीकडे खुर्च्यांचे तीन-तीन फूट, म्हणजे साडेनऊ फूट गेले. उरले अडीच. त्या अडीच फुटांतून स्वयंपाकघरातून ओसरीवर जाणारा सगळा रस्ता: घागर, धान्याची पोती, धावणारी लेकरं, हातात गरम पातेलं घेतलेल्या तुम्ही. शिवाय हे टेबल हलत नाही. 6 फूट बाय अडीच फुटांचा 18 मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट घेतला तरी तो नुसता दगड 68 किलोंच्या आसपास भरतो. दुकानातला त्याहून मोठाच असणार.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून ठामपणे सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एका मोठ्या शेतकऱ्याच्या वाड्यात मी आठ जणांचं भरभक्कम टेबल खोलीच्या बरोबर मध्ये बसवलं. फोटो सुरेख आले. भाद्रपदात त्यांच्या घरून फोन आला की महालक्ष्म्या बसवायच्या कुठे. टेबल दारातून निघेना, कारण ते आतच जोडलं होतं आणि जुन्या चौकटी अरुंद. शेवटी त्या वर्षी महालक्ष्म्या टेबलाशेजारी कोपऱ्यात बसल्या आणि घरातल्या थोरल्या बाईंनी मला पुढे तीन वर्षं ते ऐकवलं. बरोबरच होतं त्यांचं.

तुमच्या खोलीसाठी मी असं करेन. लांब, 16 फुटी भिंतीला लागून एक बाक, 6 फूट लांब, दीड फूट खोल. त्याच्यापुढे 6 बाय अडीच फुटांचं टेबल. लेकरांना जागा कमी लागते, म्हणून बाकावर दोन लेकरं आणि दोन मोठे मावतात. समोरच्या बाजूला पाठ नसलेली दोन स्टुलं, जी जेवण झालं की टेबलाखाली जातात. दोन्ही टोकांना एकेक खुर्ची, त्यातली हाताची खुर्ची आजींची. झाले सात, वर एका पाहुण्याला जागा. आता हिशेब करा: बाक दीड, टेबल अडीच, समोर तीन, एकूण सात फूट. रस्त्याला पूर्ण पाच फूट मोकळे राहिले. सणाला पाच-पाच जणांच्या दोन ओळी त्या खोलीत समोरासमोर बसू शकतात, कारण टेबल उचलून ओसरीवर जातं.

ते उचललं जावं म्हणून लाकडाचं करा. वाळलेलं सागवान घनफुटाला साधारण 18-19 किलो भरतं. एक इंची जाडीचा या मापाचा पाट सव्वा घनफुटाचा, म्हणजे 23 किलोंच्या आसपास. पाय-पट्ट्या धरून 35. दोन माणसं बोलत बोलत नेतात. पाय मात्र नट-बोल्टचे करून घ्या, चुक्यांनी आणि डिंकानं कायमचे बसवलेले नकोत. मिस्त्री नाराज होईल, त्याला ते कमीपणाचं वाटतं. माझ्या एका मिस्त्रीचं म्हणणं, “बाई, बोल्टाचा टेबल हालते, लोक मले हासतीन.” त्याला मी लाकडी आडव्या पट्ट्या नेहमीसारख्या सालीत, म्हणजे खाचेत, बसवू दिल्या आणि फक्त चार पायांना बोल्ट लावले. हललं नाही, आणि हसलंही कुणी नाही.

खाली बसण्याचं काय? सासूबाईंची बाजू मी मोडीत काढणार नाही. खाली बसून जेवायची सवय असलेल्या माणसाला खुर्चीवर जेवण घशाखाली उतरत नाही, हे मी माझ्या आईचं पाहिलंय. पण हे सगळं गुडघ्यांवर अवलंबून आहे, आणि ते मला इथून दिसत नाहीत. आजेसासूबाईंना आज पाटावरून उठताना हात द्यावा लागत असेल, तर त्यांच्यासाठी टेबल उद्याच हवं. सासूबाईंना लागत नसेल, तर त्यांचं आसन काढून घेऊ नका. रस्त्यासाठी सोडलेल्या पाच फुटांत, देवघराच्या बाजूला, एक रुंद चौरंग आणि दोन पाट कायम ठेवा. फोटोतलं 12-14 इंच उंचीचं जपानी बुटकं टेबल मात्र तुमच्या घरी नको. खाली बसणाऱ्याला ते उंच पडतं, गुडघे दुखणाऱ्याला त्याच्याशी बसताच येत नाही, आणि आपली भाकरी कुस्करून रश्शात कालवायची तर ताट मांडीजवळ लागतं.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण ओळींच्या मधे दिसली. टेबल आलं की आपणही सगळ्यांबरोबर बसू, ही आशा त्यात आहे. टेबलानं ते होत नाही हो. भाकरी तव्यावरून गरम येते तोवर कुणीतरी चुलीपाशी किंवा शेगडीपाशी असतंच. त्याला थोडी मदत करता येते. स्वयंपाकघर आणि या खोलीच्या मधल्या भिंतीत, जर ती भार घेणारी नसेल, तर 3 फूट रुंद झरोका काढा, खाली एक फूट रुंद फळी. पातेली, तांब्या, भाकरीची टोपली त्या फळीवर येते, बसणारा हात लांबवून घेतो. वाढायला उभं राहणाऱ्याच्या फेऱ्या निम्म्या होतात. भिंतीवर आढं किंवा तुळई टेकलेली असेल तर तिला हात लावू नका. मग दाराशेजारी एक उंच, अरुंद वाढप-टेबल पुरे. माझ्या मते या कामातला सगळ्यात मोलाचा खर्च हाच, आणि तो फोटोत दिसत नाही.

आता भिंत. तुम्ही लिहिलंय की रंगाचे पापुद्रे निघतात आणि दुकानदारानं वॉटरप्रूफ पुट्टी सुचवली. थांबा. जुन्या घराची भिंत मातीत बांधलेल्या विटांची किंवा नुसती मातीचीच असते, वर चुन्याचा गिलावा. ती जमिनीतून ओल ओढते आणि पृष्ठभागातून सोडते. तिच्यावर प्लास्टिक रंगाचं कातडं चढवलं की ओल आत कोंडते, मग कातडं ढकलून बाहेर येते. पुट्टीनं तुमची ओल जात नाही, फूटभर वर चढते, इतकंच. आधी खात्री करा: जमिनीपासून फूटभर वर, एक चौरस फूट पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूनं दव धरलं तर भिंत ओली आहे. कोरडं राहिलं आणि भिंत विटा-सिमेंटची निघाली, तर बाजारातला कोणताही चांगला धुता येणारा रंग लावा आणि पुढचे दोन परिच्छेद सोडून द्या.

ओली निघाली तर जुना प्लास्टिक रंग खरवडून चुना. आपल्या आज्यांनी तेच केलं आणि त्यांना कारण माहीत होतं. चांगला विझवलेला, भिजत ठेवलेला चुना, गाळून, दुधाइतका पातळ, थोडा डिंक घालून. तीन हात, प्रत्येक हात भिंत आधी पाण्यानं शिंपडून. पहिला हात दिल्यावर तुम्ही घाबराल, कारण ओला चुना पारदर्शक दिसतो आणि पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. सकाळी बघा. रंगासाठी गेरू किंवा पिवळी माती चिमटी-चिमटीनं. जास्त घातली तर ती धरत नाही, हाताला सुटते. गेरूचा अगदी फिकट हात आला की तो फोटोतल्या त्या महागड्या मातकट गुलाबी छटेच्या फार जवळ जातो. काम करताना लेकरांना लांब ठेवा आणि मिस्त्रीला चष्मा घालायला लावा, चुना डोळ्यात जाणं वाईट.

पण चुन्याची एक खोड आहे आणि ती मला एका साखरपुड्यात कळली. बाकाच्या मागची भिंत मी चुन्याची ठेवली होती. दुपारी पाहुणे जेवून उठले तेव्हा नवरदेवाच्या काकांसकट पाच जणांच्या पाठीवर पांढरे पट्टे. कोसाच्या रेशमी कुडत्यावर! तेव्हापासून बाकामागे, बसलेल्या माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीपर्यंत, मी काहीतरी लावतेच. तुमच्याकडे गोठ्याच्या फळ्या आहेत, त्याच लावा, पण भिंतीपासून बोटभर अंतर सोडून, म्हणजे मागून वारा फिरेल. आणि लांबच लांब एकसंध पॅनेल करू नका. काळ्या जमिनीवरचं घर आहे. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि दाराच्या कोपऱ्यावरची तिरपी भेग मे महिन्यात रुंदावते, पावसाळ्यात मिटते. तीन-तीन फुटांचे सुटे तुकडे असले की घर हललं तरी फळी तडकत नाही. भेगेत सिमेंट कोंबायलाही जाऊ नका, चुना-वाळूनं भरा. भेग वर्षागणिक वाढतच असेल, बोट जाईल एवढी झाली असेल, तर सजावट बाजूला ठेवून आधी बांधकाम कळणाऱ्या माणसाला दाखवा.

लाकूड. 2023 मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान गेलं तेव्हापासून मला दर दुसरं गिऱ्हाईक ‘तेच’ सागवान मागतं. तुमच्या गोठ्याची पडलेली लाकडं कमी नाहीत. पन्नास-साठ उन्हाळे खाल्लेलं लाकूड जेवढं वळायचं तेवढं वळून चुकलेलं असतं. आरा मशीनवर नेण्याआधी एकेका तुळईतले खिळे शोधून काढा. लोहचुंबक दोरीला बांधून फिरवला तरी बरेच सापडतात. एक विसरलेला खिळा पातं मोडतो आणि मशीनवाला पुढचं लाकूड घेत नाही. टोकाला उधई लागली असेल तर तेवढं कापून टाका, आतलं बहुतेक वेळा शाबूत निघतं. शेतातलं उभं सागाचं झाड तोडायचा विचार असेल तर वन विभागाची परवानगी आणि वाहतुकीचा पास आधी, कुऱ्हाड नंतर.

टेबल पावसाळ्यात करून घेऊ नका. ऑगस्टच्या दमट हवेत फळ्या फुगलेल्या असतात. एप्रिलमध्ये त्याच आक्रसतात. अडीच फूट रुंदीत चार-पाच मिलिमीटरचा फरक सहज पडतो. खालून आडवी पट्टी स्क्रूनं गच्च आवळली असेल तर फळीला आक्रसायला वाव राहत नाही आणि ती भर दुपारी फटाक्यासारखी फुटते. उपाय सोपा आहे: आडव्या पट्टीतली भोकं गोल न ठेवता लांबट ठेवायची, म्हणजे स्क्रू त्यात सरकतो. मिस्त्रीला हे कागदावर काढून द्या. नुसतं सांगितलं तर “हो मॅडम” म्हणून गोल भोक पाडतात.

आणि कूलर. ज्या खोलीत दोन-अडीच महिने ओला वारा फिरतो तिथे एमडीएफ (लाकडाचा लगदा दाबून केलेला बोर्ड) किंवा भुशाच्या बोर्डाचं काहीही ठेवू नका. कडा भाकरीसारख्या फुगतात. वॉलपेपर, जाड गालिचा यांचंही तेच.

पॉलिशला चकचकीत काही नको, जपांडीत ते शोभत नाही आणि गरम पातेल्यानं पांढरे डाग पडतात. उकळलेलं जवसाचं तेल, पातळ, तीन-चार हात, प्रत्येक हातानंतर पुसून कोरडं करायचं. डाग पडला तर तेवढीच जागा घासून पुन्हा तेल. जवस आपल्याच भागातलं पीक आणि त्याचं तेल लाकडात मुरून घट्ट होतं. एक ताकीद: तेलात भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात, आपल्या उन्हाळ्यात तर विचारूच नका, घरात कापूस असेल तर त्याहून नाही. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

दिव्यांबद्दल थोडक्यात. टेबलावर लोंबता दिवा तुम्हाला हवाच आहे, फोटोत सगळीकडे तोच आहे. नियमानं तो टेबलापासून 30 ते 34 इंच वर असतो. पण खोलीत छताचा पंखा आहे, समोरून कूलरचा वारा आहे. दिवा डोलतो, सावल्या ताटात नाचतात, आणि पंख्याच्या पात्यांच्या वर उजेड असला तर ताट लुकलुकतं. एका जागी आमच्या वायरमननं वेळीच सांगितलं होतं, “मॅडम, थो दिवा पंख्यात जाईन ना.” मी ऐकलं. तुमचं टेबल भिंतीलगत आहे, तेव्हा भिंतीवरच दोन दिवे लावा, बसलेल्याच्या डोक्याच्या वर, उजेड खाली पडेल असे. बल्ब 2700 ते 3000 केल्विनचा पिवळसर. सध्याच्या 6500 च्या पांढऱ्या ट्यूबखाली पातोडीचा रस्सा राखाडी दिसतो, तर्रीचा लाल रंग मरतो. ट्यूब काढू नका, अभ्यासाला आणि तांदूळ निवडायला ती लागेल. बटण वेगळं ठेवा.

दिव्यांना बांबूच्या टोपल्या लावायची कल्पना छान आहे, बुरडाकडून हव्या त्या मापाच्या विणून मिळतील. फक्त बांबूवर बोरॅक्स-बोरिक ॲसिडची प्रक्रिया झालेली हवी. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबूचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथलं काम पाहिलं की फरक कळतो. प्रक्रिया न केलेल्या बांबूला भुंगा लागतो आणि बारीक पिवळा भुसा पडत राहतो. कुठे पडेल? खाली ताट आहे.

बाकावरच्या गाद्यांना जाड खादी, खोळ चेनची, रंग मातकट किंवा गडद निळा. फोटोतला तो पांढरा केसाळ कपडा वांग्याच्या भाजीपुढे एक दिवस टिकणार नाही. हळदीचा डाग पडलाच तर धुवून कडक उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, आणि ऊन आपल्याकडे फुकट आहे. फरशीबद्दल तुम्ही काही विचारलं नाही. शहाबादी असेल तर तिला हात लावू नका, नुसती घासून घ्या.

शोभेच्या वस्तू तीन. पितळी घंगाळ, एखादा जुना कोरीव पाट, दिवळीत तांब्या. जात्यावर काच ठेवून टीपॉय करायचा प्रकार मला सोसत नाही, पण तो माझा स्वभाव झाला. तुम्हाला आवडत असेल तर ओसरीवर करा.

पैशांचं म्हणाल तर घरचं लाकूड असल्यानं दीड लाखात हे बसावं, मजुरी आणि आरा मशीन हाच मोठा खर्च. आधी झरोका आणि वायरिंग, कारण त्यात भिंत फुटते. मग दिवाळीनंतर भिंत, हिवाळ्यात लाकूडकाम. दुकानातल्या सेटचं बुकिंग अजून केलं नसेल तर करू नका. त्याऐवजी आज रात्री रांगोळीनं जमिनीवर दोन आयत काढा, एक त्या सेटचा खुर्च्या ओढलेल्या मापासकट, एक मी सांगितलेला. चार दिवस घरातल्यांना त्याच्या कडेनं ये-जा करू द्या, रेघ पुसली गेली की परत काढा. सासऱ्यांना काही समजवावं लागणार नाही, रेघ कुठे पुसली जाते ते त्यांनाच दिसेल.

आणि आजींच्या खुर्चीचं माप टेबलाच्या मापावरून घेऊ नका. त्या सध्या ज्या पलंगाच्या कडेवर बसतात आणि कुणाचा हात न धरता उठतात, त्याची जमिनीपासूनची उंची मोजा, गादी दबलेली असताना, त्या बसलेल्या असताना. 19 इंच आली तर खुर्ची 19 ची करा आणि त्यांच्या टोकाला ताटाखाली दीड-दोन इंचांचा एक पाट ठेवा. खुर्चीचे हात टेबलाखाली जाईनात तर कडेला अडतील, अडू द्या. उठताना त्यांना तेच धरायचे आहेत.